साच्यातून निघालेली होडी



आपले गाव समुद्रापासून दूर आहे. इथे होडी म्हणजे पहिल्या पावसात पोरे गटाराच्या पाण्यात सोडतात ती कागदाची. तेव्हा हौसेखातर वापरायच्या शिडाच्या होडीवर, तीही अमेरिकेत बांधलेल्या, तासभर ऐकायला आपण एवढ्या संख्येने आलात याचे मला आश्चर्य वाटते आहे आणि थोडी धास्तीही. पण विषय दिसतो तितका परका नाही. ज्या द्रव्याची ही होडी, त्याच द्रव्याची पाती सातारच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांना लावून फिरताहेत. मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी सागाची होडी असायची, तिच्या जागी आज 'फायबर' ओढून ठेवलेली दिसते. हे फायबर आले कोठून, त्याने सुताराचे काय केले आणि ते शेवटी जाणार कोठे, हे मला आज एका विशिष्ट होडीच्या आधाराने सांगायचे आहे. त्या होडीचे नाव 'ट्रायटन'. लांबी अठ्ठावीस फूट आणि वर चार इंच. १९५९च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली.

आधी लाकडी होडी कशी बांधतात ते आठवावे लागेल. तळाला एक दणकट कणा घालायचा. त्यावर माशाच्या काट्यासारख्या फासळ्या उभ्या करायच्या. मग त्या फासळ्यांवर एकेक फळी वाफेने मऊ करून, वाकवून, ठोकून बसवायची. दोन फळ्यांमधली फट कापूस आणि डामर ठासून बुजवायची. हे सगळे करणारा सुतार डोळ्याने मापतो. वाकसाचा एक घाव जास्त पडला तर फळी फुकट जाते. अशी होडी झाली की सुतार दुसरीकडे वळतो, आणि दुसरी होडी पहिल्या फळीपासून पुन्हा सुरू होते. पहिल्या होडीत घातलेले श्रम दुसरीच्या उपयोगी पडत नाहीत. पडतो तो फक्त सुताराचा अनुभव. शिवाय होडी पाण्यात पडली की तिच्या मालकाची नोकरी सुरू. दरवर्षी ती वर ओढा, खरवडा, रंगवा, फटी पुन्हा भरा. पावसाचे गोडे पाणी डेकच्या सांध्यात मुरले की लाकूड कुजते; खाऱ्या पाण्यात किडा पोखरतो. अमेरिकेतसुद्धा अशी होडी बाळगणे म्हणजे एकतर पैसा हवा, नाहीतर सगळे रविवार तिला वाहायला हवेत.

आता काचेकडे येऊ. काच म्हटले की आपल्या मनात फुटणे येते. कंदिलाची काच पुसताना घरोघर जो अनुभव येई तो कोणाला सांगायला नको. मग होडी काचेची कशी करता येईल? याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ नावाच्या एका इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दिले होते, जरी त्याच्या मनात होडी नव्हती. काच मुळात दुबळी नाही. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरा असतात आणि ताण पडला की ती एखाद्या चिरेपासून फाटत जाते. धागा जितका बारीक काढावा तितकी मोठी चीर त्यात मावायला जागा उरत नाही. म्हणून बारीक धागा त्याच काचेच्या जाड कांबीपेक्षा किती तरी पटींनी बळकट निघतो. आज जो काचतंतू वापरतात तो केसाच्या पाचव्या-सातव्या हिश्श्याइतका बारीक असतो.

असा तंतू स्वस्तात कसा काढावा हे मात्र योगायोगाने कळले. १९३२ साली डेल क्लाइस्ट नावाचा एक तरुण संशोधक काचेचे दोन ठोकळे एकमेकांना जोडण्याच्या खटपटीत होता. दाबलेल्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. पुढे १९३८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी याच धंद्यासाठी उभी राहिली. पण नुसत्या धाग्याने काय होणार? धागा ओढ सहन करतो, दाबला तर वाकतो. त्याला धरून ठेवणारे काही हवे. ते त्याच दशकात पॉलिएस्टर राळेच्या रूपाने मिळाले. ही राळ मधासारखी पातळ असते. तिच्यात शेकडा एक-दोन भाग हार्डनर मिसळला की ती तापते, दाटते आणि तासाभरात दगडासारखी होते. भट्टी नको, दाबयंत्र नको. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण भट्टी आणि दाबयंत्र लागले असते तर हा धंदा बड्या कारखानदारांच्या हातांतून बाहेर पडलाच नसता. येथे एक डबा, एक ब्रश आणि एक पडवी एवढ्यावर काम भागले.

धागा आणि धरून ठेवणारा लगदा ही जोडी आपल्याला नवी नाही. कुडाच्या भिंतीला लिंपायच्या चिखलात गवत घालतात ते उगाच नव्हे. पेणला प्लास्टरचा गणपती करतात तो पाहिला असेल, तर आपण फायबरग्लासची होडी जवळजवळ पाहिलीच आहे म्हणायला हरकत नाही. तेथेही साचा असतो, साच्याच्या आतून पातळ थर देतात, त्यावर काथ्या घालून तो प्लास्टरमध्ये भिजवतात आणि सुकल्यावर साचा उघडून पोकळ मूर्ती बाहेर काढतात. प्लास्टरच्या जागी राळ आणि काथ्याच्या जागी काचतंतू एवढा बदल करा.

अशी पहिली लहान होडी रे ग्रीन या अमेरिकन माणसाने १९४२ साली टोलिडो शहरात केली. युद्धकाळात विमानांवरच्या रडारला झाकणाऱ्या टोप्या याच द्रव्याच्या केल्या जात, कारण त्यातून रेडिओलहरी आरपार जातात. युद्ध संपल्यावर राळ आणि तंतू बाजारात आले आणि ठिकठिकाणी हौशी लोकांनी हात काळे, खरे म्हणजे चिकट, करायला सुरुवात केली. १९५६ साली कॅलिफोर्नियात सॉसलिटोला फिलिप ऱ्होड्सच्या आराखड्याची चाळीस फुटांची 'बाउंटी दोन' निघू लागली. पण तेवढी मोठी नौका सामान्य पगारदाराच्या आवाक्यातली नव्हती.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यात सीकाँक या गावी क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन हे दोघे चुलतभाऊ घराच्या गॅरेजमध्ये फायबरग्लासच्या लहान वल्हवायच्या होड्या करीत होते. ब्राउन विद्यापीठाचे पदवीधर. सुतारकीची परंपरा पाठीशी नाही. ही गोष्ट माझ्या मते त्यांच्या पथ्यावर पडली. ज्याचा हात वाकसावर बसला आहे त्याला ब्रशने राळ फासून होडी करणे म्हणजे धर्म बुडाल्यासारखे वाटले असते. टॉम पॉटर नावाचा एक नौकाव्यवसायी त्यांच्याकडे एक प्रस्ताव घेऊन आला. चार माणसे झोपू शकतील, कुटुंबाला घेऊन चार दिवस समुद्रावर जाता येईल आणि किंमत दहा हजार डॉलरांच्या आत राहील अशी होडी करा. आराखडा कार्ल आल्बर्गकडून घेऊ.

या आल्बर्गविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. जन्म स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदरातला, आयुष्य गेले अमेरिकेत. जॉन ऑल्डेन या त्या काळच्या नामांकित नौकारचनाकाराच्या कचेरीत त्याने उमेदवारी केलेली. त्याच्या होड्या पाहिल्या की एक गोष्ट लगेच ध्यानात येते: दोन्ही टोके पाण्याच्या बाहेर लांब झेपावलेली, पोट अरुंद आणि तळाचा कणा जवळजवळ पुढपासून सुकाणूपर्यंत सलग. ट्रायटनची एकूण लांबी सव्वाअठ्ठावीस फुटांच्या वर, पण उभी असताना पाण्याला टेकणारी लांबी फक्त साडेवीस फूट. रुंदी सव्वाआठ फूट. पाण्याखाली खोली चार फूट. कण्यात सुमारे तीन हजार पौंड शिसे. वर साडेतीनशे चौरस फुटांहून थोडे जास्त शीड.

आठ फूट होडी पाण्याबाहेर वाया का घालवावी, असे कोणीही विचारील. याचे कारण असे. पाणी कापीत जाणारी होडी स्वतःच एक लाट उठवते आणि त्या लाटेत अडकते. तिचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. साडेवीस फुटांचे वर्गमूळ साडेचार; त्याला एक पूर्णांक चौतीस शतांशाने गुणले की सुमारे सहा सागरी मैल. म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. आपला सायकलस्वार तिला मागे टाकील. पण वारा वाढला आणि होडी एका अंगावर कलली की ती झेपावलेली टोके पाण्यात बुडू लागतात, टेकलेली लांबी वाढते आणि वेगही थोडा वाढतो. त्या काळी शर्यतीतल्या होड्यांना सूट देण्याचे जे नियम होते ते होडी उभी असताना मोजत. थोडक्यात, मापताना आखूड आणि पळताना लांब! कायद्याच्या अशा फटी शोधणारे वकील आपण पाहिले आहेत. नौकारचनाकारही त्याच पंथातले.

पण आल्बर्गने नियमासाठी होडी वाईट केली नाही, हे त्याचे मोठेपण. अरुंद पोट आणि खोल शिसे यामुळे ती चटकन कलते, पण एका मर्यादेनंतर हट्टाने कलायचे नाकारते. लांब कण्यामुळे सुकाणू सोडले तरी बराच वेळ ती आपल्या वाटेने जाते. नवशिक्याची चूक पोटात घालणारी होडी असे मी तिला म्हणेन. वेग हवा असणाऱ्यांनी तिला मंद म्हटले आहे, आणि तेही खोटे नाही.

कागदावरचा आराखडा झाला. आता कारखान्यात चला, कारण खरी गंमत तेथे आहे.

प्रथम लाकडाचा पूर्ण आकाराचा नमुना करतात. येथे सुतार लागतो, तोही उत्तम. हा नमुना कधीही पाण्यात जायचा नसतो, पण त्याच्या अंगावर बोट फिरवले तर कोठे उंचवटा लागता कामा नये. घासून, रंगवून, पुन्हा घासून तो आरशासारखा करतात. त्यावर मेण चोळून बाहेरून फायबरग्लासचे जाड कवच घालतात, ते सुटे करतात, आणि हे कवच म्हणजेच साचा. नमुन्यावर राहिलेला प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक होडीवर. लाकडी होडीच्या सुताराची चूक एका होडीपुरती असे. साच्याच्या सुताराची चूक सातशे वेळा छापली जाते. याच्या उलट त्याने घेतलेली मेहनतही सातशे वेळा फळते. यंत्रयुगात कारागिरी मेली असे आपण सरसकट म्हणतो. या धंद्यात ती मेली नाही. ती सगळी एकाच ठिकाणी, एकदाच, पहिल्या दिवशी लागते. नंतर येणाऱ्या कामगाराकडून चिकाटी आणि लक्ष हवे. हातातली कला नसली तरी चालते. हा बदल कामगाराच्या फायद्याचा की तोट्याचा, यावर सभागृहात दोन पक्ष पडतील, आणि पडावेत.

साच्याला आतून मेण देतात. तव्याला तेल लावतो तसे, म्हणजे भाकरी चिकटत नाही. त्यावर जेलकोट नावाच्या रंगीत राळेचा अर्ध्या मिलिमीटरइतका थर. होडीचा बाहेरचा चकाकणारा रंग तो हाच. म्हणजे रंग आधी आणि होडी नंतर. तो थर पुरता वाळायच्या आत काचतंतूंची चटई अंथरायची. ही चटई तुकडे तुकडे झालेल्या तंतूंची, कापसाच्या वाकळीसारखी दिसते. ब्रशने तिच्यात राळ मुरवायची. पांढरी चटई भिजताच पारदर्शक होते आणि नाहीशी झाल्यासारखी वाटते. जेथे पांढरे राहिले तेथे हवा राहिली असे समजायचे. मग खाचा पाडलेला रूळ फिरवून बुडबुडे बाहेर हाकलायचे. त्यावर जाड विणीचे काचेचे कापड, पुन्हा चटई, पुन्हा कापड. घाई करून चालत नाही. सगळे थर एकदम दिले तर राळ घट्ट होताना एवढी तापते की जळून तडकते. फार उशीर करूनही चालत नाही. वाळलेल्या थराला नवा थर मनापासून धरत नाही. राळ जास्त झाली तर होडी जड आणि ठिसूळ, कमी पडली तर तंतू कोरडे राहतात. स्वयंपाक येणाऱ्या कोणाही बाईला हे शास्त्र अर्ध्या तासात कळेल. इंजिनियरला थोडा वेळ लागतो.

कवच साच्यात असतानाच आत प्लायवूडच्या आडभिंती बसवून त्यांच्या कडा काचपट्टी आणि राळेने सांधून टाकतात, म्हणजे बाहेर काढल्यावर ते वेडेवाकडे होत नाही. डेक आणि केबिनचे छत दुसऱ्या साच्यात वेगळे होतात. शेवटी डबीवर झाकण ठेवावे तसे ते कवचावर ठेवून जोडतात. डोलकाठी ॲल्युमिनियमची. शिडे डॅक्रॉनची, आणि डॅक्रॉन म्हणजे आपल्याकडे ज्याच्या शर्टांचे एके काळी अतोनात कौतुक झाले त्या टेरिलीनचाच भाऊ. राळही पॉलिएस्टर, शीडही पॉलिएस्टर. म्हणजे ही होडी अंगाने आणि वस्त्रानेही तेलविहिरीची लेक.

पहिली ट्रायटन तयार झाली तेव्हा पिअर्सन बंधूंचा खिसा रिकामा झाला होता. होडी न्यूयॉर्कला ट्रकवरून नेण्याला आणि हॉटेलचे बिल भरायला त्यांना उसने पैसे घ्यावे लागले. प्रदर्शनात लोक आले, त्यांनी होडीच्या अंगावर टिचक्या मारून पाहिल्या, केबिनमध्ये वाकून पाहिले, आणि प्रदर्शन संपले तेव्हा सतरा जणांनी मागणी नोंदवली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीचे भाग बाजारात आले, आणि वाढता कारखाना मावेना म्हणून त्यांनी ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टलची जुनी हेरेशॉफ गोदी विकत घेतली.

या खरेदीचे मर्म कळण्यासाठी हेरेशॉफ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. १८९३पासून १९३४पर्यंत ज्या नौकांनी अमेरिका चषक अमेरिकेत राखला त्या सगळ्या या गोदीत बांधलेल्या. नॅथॅनिएल हेरेशॉफ हा तेथला आद्य पुरुष. लाकडाचा अर्धा नमुना हाताने कोरून त्यावरून मापे काढायची ही त्याची पद्धत. त्या देवळात आता राळेचे डबे आले. नॅथॅनिएलचा मुलगा फ्रान्सिस, तोही मोठा रचनाकार, त्याने फायबरग्लासला गोठलेल्या शेंबडाची उपमा दिली असे म्हणतात. सभ्य सभेत हे सांगावे की नाही असा मला प्रश्न पडला होता, पण ज्याने ओली राळ बोटांवर घेतली आहे त्याला ही उपमा अतिशयोक्तीची वाटणार नाही.

पुढचा इतिहास चटकन सांगतो. विमाने बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीने १९६०च्या सुमारास पिअर्सन कंपनी ताब्यात घेतली. ट्रायटन १९६७पर्यंत निघत राहिली आणि एकंदर सातशेच्या आसपास बांधल्या गेल्या. दोघे भाऊ वेगळे झाले; क्लिंटनने दुसरा नौकाकारखाना काढला, आणि एव्हरेटने १९६६ नंतर काढलेल्या कारखान्याच्या वंशातून पुढे पवनचक्क्यांची पाती निघाली. चाळकेवाडीचा उल्लेख मी उगाच केला नव्हता.

आता टिकाऊपणाचा प्रश्न. त्या काळच्या होड्यांची कवचे आजच्या मानाने जाड आहेत. 'द्रव्याची ताकद ठाऊक नव्हती, म्हणून घाबरून जाड केल्या' अशी दंतकथा बोटीवाल्यांत फार प्रिय आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. तंतू-राळेचा पत्रा तुटायला कठीण, पण वाकायला सोपा. पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की तो आठपट. होडीचे अंग लाटेगणिक आत-बाहेर होऊ नये एवढी जाडी दिली की मजबुती आपोआप गरजेहून किती तरी जास्त होऊन बसते. म्हणजे जाडी भीतीने नव्हे, ताठरपणासाठी आली आणि टिकाऊपणा हे तिचे व्याज. अमेरिकन तटरक्षक दलाने १९५०च्या दशकाच्या आरंभी काही चाळीस फुटी गस्ती नौका फायबरग्लासच्या केल्या होत्या. त्यांतल्या एकीचे तुकडे दहा वर्षांनी आणि पुन्हा वीस वर्षांनी कापून तपासले, तेव्हा ताकदीत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. 'ॲटम' नावाच्या एका ट्रायटनने तर पृथ्वीप्रदक्षिणा दोनदा केली आहे. अठ्ठावीस फुटांची होडी, म्हणजे आपल्या एस.टी.च्या गाडीहून आखूड.

मग ही होडी अमर आहे का? तिचे कवच जवळजवळ तसेच आहे. पण डेकवर चालताना पायाखाली ती दबू नये म्हणून काचतंतूंच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा घातलेला असतो. दोन थर दूर ठेवले की ताठरपणा येतो आणि वजन वाढत नाही, युक्ती उत्तम. पण डेकवर कडी, खुंटी, कठड्याचे खांब बसवायला भोके पाडावी लागतात. वीस-तीस वर्षांत भोकाभोवतीचा लांबीचा लेप सुकतो, थेंब थेंब पाणी आत जाते आणि बाल्सा कुजून त्याची खीर होते. वरून सगळे चकचकीत, आणि पाय दिला की मऊ लागते. न कुजणाऱ्या होडीला अखेर लाकडानेच दगा दिला. यात मला दोष द्रव्याचा दिसत नाही. 'हिला काही करावे लागत नाही' या जाहिरातीवर विश्वास ठेवणाऱ्या मालकाचा दिसतो. लाकडी होडीचा मालक दरवर्षी तिच्या सांध्यात नाक खुपसत असे; फायबरवाल्याने तीस वर्षे पाहिलेच नाही.

अनेक कारखान्यांच्या होड्यांना पाण्याखालच्या अंगावर फोडही येतात. जेलकोट पाण्याला पूर्णपणे अडवीत नाही. आत राळेचे काही विरघळणारे अंश राहिले असतील तर पाणी त्यांच्याकडे ओढले जाते आणि फोड फुगतो. फोडल्यावर शिर्क्यासारखा आंबट वास येतो. होडी त्याने बुडत नाही; विकताना किंमत मात्र बुडते.

याहून गंभीर गोष्ट मालकाची नव्हे, कामगाराची आहे. राळ पातळ ठेवण्यासाठी तिच्यात स्टायरीन असते. कारखान्याच्या दारातच तो गोडसर, डोके धरणारा वास येतो तो त्याचाच. उघड्या साच्यात वाकून दिवसभर रूळ फिरवणारा माणूस तो श्वासावाटे घेतो, आणि घासण्याच्या खोलीत काचेची धूळ त्याच्या मानेला, मनगटांना खाजवीत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकले. ट्रायटनच्या काळात हे कोणी कामगाराला सांगितले नव्हते. स्वस्त होडीच्या किमतीत एक रक्कम अशी आहे जी प्रदर्शनातल्या पाटीवर लिहिलेली नव्हती. आज बंद साच्यात पोकळी करून राळ ओढून घेण्याची पद्धत निघाली आहे. तिने वास पुष्कळ कमी होतो. पण लहान कारखान्यांत, आपल्या किनाऱ्यावरही, ब्रश आणि उघडा डबा अजून आहेत. जेथे आपला शब्द चालतो तेथे निदान नाकावरच्या योग्य गाळणीचा आणि खेळत्या हवेचा आग्रह धरावा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने स्टायरीन अडत नाही.

आणि शेवटी, या होडीचे करायचे काय? लाकडी होडी म्हातारी झाली की किनाऱ्यावर पडून मातीला मिळते. तिचा उरलेला साग कोणाच्या तरी दाराला लागतो. लोखंडी जहाज अलंगला तोडून त्याचे लोखंड पुन्हा भट्टीत जाते. पॉलिएस्टर राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचे पीठ करता येत नाही, तसे. ती जाळली तर काच उरते, पुरली तर तशीच राहते. अमेरिकेत आणि युरोपात आज अशा हजारो होड्या खाड्यांत, कुंपणांमागे उभ्या आहेत. बंदरातल्या जागेचे वर्षाचे भाडे होडीच्या किमतीहून जास्त झाले की मालक एके दिवशी यायचा थांबतो. फ्रान्सने नव्या होडीच्या विक्रीवरच एक वर्गणी बसवून २०१९पासून जुन्या होड्या मोडण्याची व्यवस्था उभी केली आहे. मला हा मार्ग न्याय्य वाटतो: जन्माच्या वेळीच अंत्यविधीचे पैसे ठेवायचे. आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या त्या मच्छीमाराच्या सोयीच्या आहेत, स्वस्त आहेत, सागाचे रान वाचवतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार डोंगरापलीकडे राहणाऱ्या आपल्याला नाही. पण त्यांची पहिली पिढी निकामी होईल तेव्हा त्या कोठे टाकायच्या हे आजच ठरवून ठेवायला काय हरकत आहे?

आपल्याकडच्या कारागिरीचा एक दाखला देऊन थांबतो. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी 'म्हादेई' ही छप्पन फुटांची शिडाची नौका बांधली गेली आणि २००९ साली ती नौदलात दाखल झाली. आराखडा हॉलंडच्या व्हॅन द स्टाट यांचा. तिचे अंग नुसत्या फायबरचे नाही. देवदाराच्या जातीच्या पट्ट्या एकमेकींना जोडून, त्यावर आतून-बाहेरून काचतंतू आणि इपॉक्सी ही अधिक चिवट राळ चढवली आहे. म्हणजे साचा नाही. सुतार आणि राळवाला दोघे एकाच अंगावर काम करतात. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. नंतर २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी वाटेत कोठेही न थांबता फिरून आले. एकच नौका बांधायची असेल तर साचा परवडत नाही, म्हणून ही पद्धत. सातशे बांधायच्या असतील तर हिशेब उलटा होतो.

मी येताना काचतंतूंच्या चटईचा एक तुकडा आणि जुन्या फायबर होडीच्या अंगाचा वीतभर कापलेला नमुना आणला आहे. दोन्ही व्यासपीठावरच्या टेबलावर आहेत. नमुन्याची कापलेली कड पाहावी, थर मोजता येतात. चटईला मात्र हात लावल्यावर तो डोळ्यांना लावू नये. अध्यक्षांची परवानगी असेल तर प्रश्न तेथेच घेऊ.